लाल मागं, पांढरी पुढं

लांब पल्ल्याला निघायचं असलं की आम्ही तीन दिवस आधीपासून ट्रकच्या मागे लागायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझे दाजी, थोरल्या बहिणीचे मिस्टर. ट्रक माझ्या नावावर, पण अकरा वर्षं तो दोघांनी मिळून चालवला. एक जण स्टेअरिंगवर आणि दुसरा मागच्या बाकावर आडवा. दोघंही जागे असलो की कशावरून तरी वाद ठरलेला. बायको वारली, मुलगी लग्न होऊन सोयगावला गेली, आणि तेव्हापासून माझं जे काही जगणं होतं ते त्या केबिनमध्येच होतं. घरी मी फक्त कपडे धुवायला यायचो. हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वाळूजच्या एका कारखान्याचा माल गुवाहाटीला न्यायचा होता. जायला सहा-सात दिवस, तिथं परतीच्या मालाची वाट बघायची, म्हणजे तीन आठवडे तरी घराला कुलूप. नगर नाक्याच्या पुढे एका मोकळ्या प्लॉटमध्ये आमची गाडी उभी असायची. तिथंच सगळी तयारी चालायची. ब्रेक मेकॅनिकनं बघितले, स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस झालं, स्टेपनी बदलून आणली. बाकीची तपासणी दाजींची, आणि ती बघण्यासारखी असायची. इंजिनातलं तेल काडीवरून बोटावर घ्यायचे, अंगठ्यानं चोळायचे आणि अजून किती चालेल ते सांगायचे. टायरला हवेचं मीटर लावणं त्यांना कमीपणाचं वाटे. टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, एकेका टायरवर ठोका मारायचा, कान तिरपा करायचा, आणि कुठल्या टायरात हवा कमी आहे ते सांगायचं. चुकत नसत. ताडपत्रीच्या दोराची गाठ तर दाजी डोळे मिटूनसुद्धा मारतील, असं मी चार लोकांत कौतुकानं म्हणायचो.

कौतुक तेवढंच. एरवी मी त्यांच्यावर खार खाऊन होतो. आधीच्या दोन खेपांत त्यांनी स्टेअरिंगला हात लावला नव्हता. कधी गुडघा दुखतो, कधी पित्त झालंय. नागपूर काय आणि हैदराबाद काय, सगळी गाडी मी एकट्यानं ओढली. चहाच्या टपरीवर मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की आमचे दाजी आता खरे जावई झालेत, गाडीत बसून पाहुणचार घेतात. ते त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी ऐकलं, हसले, आणि पेटीत स्टोव्ह नीट बसतो का ते बघत राहिले.

त्या वेळीही पेटी त्यांनीच भरली. स्टोव्ह, कुकर, ज्वारीचं पीठ, काळं तिखट, शेंगदाण्याची चटणी, औषधाचा डबा. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, आणि ती मी हलवली की त्यांचा पारा चढायचा. हल्ली तर जरा जास्तच चढायला लागला होता. वय झालं की माणूस हट्टी होतो, असं मी धरून चाललो होतो.

निघायच्या दोन दिवस आधी माल भरून झाला, ताडपत्री बांधली, आणि एकच काम राहिलं. चमकणारी पट्टी. लांबच्या रस्त्याला जुनी, मळलेली पट्टी चालत नाही, कुठंही अडवतात. गाडीला लाल पट्टी मागे, पांढरी पुढे आणि पिवळी दोन्ही बाजूंना लावायची, हे ट्रकवर चार दिवस काढलेला माणूसही झोपेत सांगेल. दाजी पट्टीचे रोल घेऊन कामाला लागले. मी कागदपत्रं बघत केबिनमध्ये बसलो होतो. अर्ध्या तासानं खाली उतरून बघतो तर गाडीच्या तोंडावर लाल पट्टी, अगदी सरळ, एकही सुरकुती नाही. मागे जाऊन बघितलं तर तिथं पांढरी.

मला हसूच आवरेना. मी म्हणालो, “दाजी, गाडी उलटी न्यायची का गुवाहाटीला?”

दाजी हसले नाहीत. त्यांनी दोन्ही हात जाकिटाच्या खिशांवर ठेवले.

“लाल उजव्या खिशात ठेवली व्हती मी,” ते म्हणाले.

सकाळी त्यांचं जाकीट दाराला टांगलेलं होतं. पट्टी पुरेल का ते बघायला मी लाल-पांढरे दोन्ही रोल काढले होते आणि परत कुठल्या खिशात कुठला टाकला याकडे लक्ष दिलं नव्हतं. लक्ष कशाला देईन? लाल ती लाल आणि पांढरी ती पांढरी. भर दुपारचं ऊन होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि ते माझ्याकडे बघत होते, पण जरा बाजूला, माझ्या कानाच्या आसपास.

मग त्यांनी सांगितलं. साखरेनं डोळे गेले होते. एकदम नाही, हळूहळू. डॉक्टर झाले, इंजेक्शनं झाली. आता माणूस उभा आहे एवढं दिसे, तो कोण ते आवाजावरून. अक्काला, माझ्या बहिणीला, माहीत होतं. मला सांगायचं नाही अशी त्यांनी तिला शपथ घातली होती.

माझ्या मनात पहिला विचार आला तो चांगला नव्हता. मी मागच्या बाकावर बिनघोर घोरत पडलो होतो आणि हा माणूस गाडी चालवत होता.  मी संतापून हे तोंडावर विचारलं, तेही दाजी या नात्याचा मान न ठेवता.

त्यांना राग आला नाही. म्हणाले, “ज्या दिवशी समोरचा मैलाचा दगड वाचता आला नाय, त्या दिवसापासून स्टेरिंगला हात लावला नाय बघ. तू मागं झोपलेला असताना मी असं करीन व्हय?”

म्हणजे तो गुडघा, ते पित्त. आणि मी टपरीवर पाहुणचाराचे विनोद करत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी वाकून पट्टी उपटायला लागलो. दाजी शेजारी बसले. मी रोल हातात देताना हा लाल, हा पांढरा असं सांगत गेलो आणि त्यांनी पुन्हा सगळी पट्टी लावली. माझ्यापेक्षा सरळ लावली. काम होता होता ते म्हणाले की ते या खेपेला नुसते बसतील, स्वयंपाक करतील, गाठी मारतील. मी म्हणालो, बघू. मला ते हवेच होते. त्यांच्याशिवाय त्या केबिनमध्ये एवढे दिवस बसायची कल्पनाच सहन होत नव्हती.

संध्याकाळी अक्काचा फोन आला. दाजींना दोनदा रस्त्यात घेरी येऊन गेली होती, इंजेक्शनाची वेळ चुकवून चालणार नव्हतं, परमुलखात काही झालं तर कोण बघणार. मी त्यांना नेऊ नये, असं तिचं म्हणणं होतं. आणि तिनं सांगितलं म्हणून नेत नाही, हेही मी त्यांना कळू द्यायचं नव्हतं.

“तुझ्यावरचा राग निवंल,” अक्का म्हणाली. “माझ्यावरचा घरातच ऱ्हाईल.”

थोरल्या बहिणीला नाही म्हणायची मला सवय नाही. दुसऱ्या दिवशी मी दाजींच्या घरी गेलो आणि खोटं बोललो. पैठणकडचा एक ड्रायव्हर मिळालाय, माल देणाऱ्या पार्टीची दोन ड्रायव्हरची अट आहे, केबिनमध्ये तिसऱ्याला जागा नाही. खरं तर मी चौकाचौकात विचारून थकलो होतो. आसामला यायला कुणी तयार नव्हतं, आणि मी पार्टीकडून दोन दिवस जास्तीचे मागून एकट्यानंच, दिवसा चालवत जायचं ठरवलं होतं.  दाजींनी माणूस कसा आहे ते विचारलं. चांगला आहे म्हणालो. रस्ता माहीत आहे का? आहे. पितो का? नाही. एका खोट्याला किती ठिगळं लावावी लागतात ते त्या दिवशी कळलं. मेव्हण्यानं आपल्याला काढून दुसरा घेतला, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि ते मला बघावं लागत होतं.

निघायच्या सकाळी ते येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. पण मी नारळ फोडून टायरखाली लिंबं ठेवत होतो तेवढ्यात प्लॉटच्या तोंडाशी रिक्षा थांबली. दाजी एकटेच आले होते. काखेत त्यांची वाकळ, अक्कानं जुन्या लुगड्यांची शिवलेली, अकरा वर्षं आमच्या केबिनमध्ये असलेली. आदल्या आठवड्यात ती धुवायला म्हणून घरी नेली होती. ती नव्या माणसासाठी आणली होती. तिकडं थंडी फार असते, त्याला अंदाज नसेल, असं म्हणाले.

वाकळ स्वतः बाकावर ठेवायला ते डाव्या दाराच्या पायरीवर पाय टाकू लागले. मी धावत जाऊन ती त्यांच्या हातातून घेतली. मागच्या बाकाचा पडदा ओढलेला होता. माझ्या तोंडातून निघून गेलं की तो आलाय, पहाटे लांबून आलाय, मागं झोपलाय.

दाजींनी लगेच आवाज खाली आणला. दाराच्या दांड्याला धरून ते पडद्याच्या दिशेनं बघत उभे राहिले, जरा बाजूला.

“झोपू दे,” ते हळूच म्हणाले. “उठला की सांग त्याला. तू चालवताना गप झालास की समजायचं, तुझा डोळा लागाया लागलाय. मग बोलत ऱ्हायचं म्हनावं. भांडलं तरी चालंल, पन गप बसू द्यायचं नाय. मी तेच करीत आलो.”

सांगतो, म्हणालो. ते बाजूला झाले. मी वाकळ मोकळ्या बाकावर टाकली, पडदा पुन्हा ओढला आणि गाडी काढली. जालन्यापर्यंत केबिनमध्ये कुणी काही बोललं नाही.