जिल्हा झाल्यावर करू

माझी मुलगी नांदेडला, माझ्या माहेरी जन्मली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या एका बाईनं तिच्या कानात रबरी टोकाची बारीक नळी घातली आणि हातातल्या डबीकडे बघितलं. परत घातली, परत बघितलं. मग कागदावर दोन्ही कानांपुढे 'रेफर' असं लिहिलं.

"रेफर म्हणजे नापास का?" मी विचारलं.

"तसं नाही म्हणत आम्ही. कानात पाणी असलं तरी असं येतं. दीड महिन्यानं परत आणा."

दीड महिन्यानं परत नेलं. परत तेच आलं. या वेळी ती बाई खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि समजावून सांगू लागली. आता मोठी तपासणी करावी लागेल, तिला बेरा म्हणतात. बाळ झोपलेलं असताना कपाळाला आणि कानामागं वायरी चिकटवतात, आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. तीन महिन्यांच्या आत केलेली बरी. "ऐकू येत नसेलच तर कानाचं मशीन लवकर लागलं पाहिजे. उशीर झाला तर बोलणं येत नाही," ती म्हणाली.

माझी आई म्हणाली, आत्ताच करून टाक. पण माझा नवरा फोनवर म्हणाला, "आधी घरी विचारू." मी ऐकलं. बी.एड. झालेली बाई मी, पण ऐकलं.

माझं सासर जळकोटचं. सासरे, ज्यांना मी मामा म्हणायची, तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. घरात रोज पेपर येई, कपाटभर पुस्तकं होती. आमच्या वस्तीत कुणाचं पोर दहावीला नापास झालं तर मामा त्याच्या घरी जाऊन बापाला समजावत. असं घर म्हणून माझ्या वडिलांनी मला दिलं होतं.

त्या घरात माझी मोठी नणंदही होती. तेव्हा चाळिशीची असेल. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलता येत नव्हतं. मी तिला आक्का म्हणायची, म्हणजे इतरांशी बोलताना म्हणायची. बाकी सगळं गाव तिला मुकी म्हणे. तिचं लग्न झालं नाही. दोन भाऊ शिकले, तिला शाळेत घातलंच नाही. चौदा एप्रिलला जयंतीच्या सभेत मामा शिक्षणावर बोलायचे तेव्हा ती मागं सतरंज्या अंथरायला असायची. हे मी लग्न झाल्यापासून बघत होते आणि मला त्यात काही खटकलं नव्हतं, हेही इथं लिहिते.

मी बाळाला घेऊन जळकोटला आले ते दुष्काळाचं वर्ष होतं. पुढं लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आमच्याकडे टँकर यायचा, आठ दिवसांनी, कधी दहा. टँकर आला की गल्लीत पळापळ व्हायची. आक्काला भोंगा ऐकू येत नसे, पण जमिनीचा हादरा कळायचा की काय, घरातली पहिली घागर तीच उचलायची. अख्ख्या घराचं पाणी ती भरायची.

नामकरणाला पाहुणे जमले होते. वंदना झाली, नाव ठेवलं, जेवणं झाली. संध्याकाळी मी मामांपुढे तो कागद ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि घडी करून परत दिला.

"पोरगी दचकती की," सासूबाई म्हणाल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्यांनी लगेच स्टीलचं ताट आणलं आणि बाळाच्या डोक्यामागं बडवलं. बाळानं हात झटकले. "बघा. हाय का न्हाई?"

"आत्याबाई, ताट बाजेला लागलं. तिला हादरा बसला."

"तुला पोरगी बहिरीच पायजे का?"

मामा मात्र शांतपणे बोलले. ते नेहमीच शांत बोलत. "एवढ्या उन्हाचं लेकरू घेऊन नांदेडला कशाला पळायचं? उदगीर जिल्हा होनार हाय. आज न्हाई उद्या होनारच. एकदा जिल्हा झाला की मोठं हॉस्पिटल होतं, सगळ्या मशिनी येतात. अर्ध्या तासावर काम. तवा करू."

"पण मामा, तीन महिन्यांच्या आत सांगितलंय."

"डॉक्टर घाई करतच असतात."

नव्या जिल्ह्याची गोष्ट मी रोज ऐकत होते. ओट्यावर चार माणसं बसली की कचेरी कुठं होणार, कोणता तालुका कुठं जाणार, यावर तासन्‌तास बोलणं चाले. पण माझ्या मुलीचा कान त्या गप्पांत अडकेल असं वाटलं नव्हतं. नवऱ्याकडे बघितलं. वडिलांना तो अण्णा म्हणे. म्हणाला, "अण्णा म्हणतात ते काही चूक नाही. महिनाभर बघू."

महिना गेला. एप्रिलमध्ये जयंती झाली, डीजेच्या भिंतीसकट मिरवणूक दारावरून गेली आणि माझी मुलगी खांद्यावर झोपून राहिली. बायका म्हणाल्या, किती शहाणं लेकरू.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात मी नवऱ्याशी भांडले. "तुम्हाला काय करायचं ते करा," मी म्हणाले, "मी नांदेडला जाणार. मला माझ्या पोरीची आक्कासारखी गत करायची नाही. जनावरासारखी पाणी ओढत मरायची नाही माझी पोरगी."

नवरा माझ्या खांद्यावरून मागं बघत होता. मी वळले. आक्का रिकामी घागर घेऊन उभी होती आणि माझ्या ओठांकडे बघत होती. किती वेळ उभी होती, माहीत नाही. तिनं घागर खाली ठेवली, बाळाला माझ्या हातातून घेतलं आणि आत गेली. त्या दिवशी तिनं बाळाला मला संध्याकाळपर्यंत दिलं नाही, फक्त पाजायला दिलं.

मे महिन्यात एका सकाळी मी पिशवी भरली. नवऱ्यानं अडवलं नाही आणि सोबतही आला नाही. तो शिक्षक, शाळेच्या मूल्यांकनाचं काम आहे म्हणाला. मी दारात चपला घालत होते तर आक्का शेजारी येऊन उभी. नवी साडी नेसलेली, हातात कापडी पिशवी.

"ही कुठं चालली?" आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी आक्काला हातानं खूण केली, घागरीची, मग गल्लीकडे बोट. टँकर येणार आहे. आक्कानं बघितलं, मान हलवली, म्हणजे कळलं, आणि माझ्या आधी रस्त्याला लागली.

तपासणीच्या ठिकाणी फोन केला तेव्हा त्यांनी बजावलं होतं, बाळाला वाटेत झोपू देऊ नका, इथं आल्यावर झोपलं पाहिजे. एसटीत बाळ कंधारच्या अलीकडेच पेंगायला लागलं. मी तळपायाला टिचकी मारली की आक्का माझा हात धरायची. तिसऱ्यांदा मारली तेव्हा तिनं बाळाला ओढून पदराखाली घेतलं आणि तोंड खिडकीकडे केलं. बाळ नांदेड येईपर्यंत गाढ झोपलं. तिला मी कसं सांगणार होते की हिनं जागं राहायला पाहिजे? मला तिच्याशी एवढं लांब काही बोलताच येत नव्हतं. घरात तिच्यासाठी खुणा होत्या त्या पाणी, भाकरी, झाडू, ये, जा. सगळ्या कामाच्या.

नांदेडला पोचलो तर बाळ टक्क जागं. वायरी लावायला गेलं की रडायचं. दोन तास गेले. तपासणी करणारी मुलगी तरुण होती, बाहेरगावची, बोलायला साधी. ती म्हणाली, "औषध देऊन झोपवता येईल, पण मला आज देववत नाही, इतकी लहान आहे. उद्या याल?"

तेवढ्यात आक्कानं बाळाला उचललं, छातीशी उभं धरलं आणि घशातून एक आवाज काढू लागली. सूर वगैरे नव्हता त्याला. लांब, जाड, एकाच पट्टीतला आवाज. घरी तिनं असा आवाज काढला की आत्याबाई ओरडायच्या, लोक हसतात म्हणून. दहा मिनिटांत बाळ झोपलं. तपासणी करणाऱ्या मुलीनं हळूच वायरी चिकटवल्या. आक्का बाळाला तशीच धरून अर्धा तास उभी राहिली, बसलीसुद्धा नाही.

तपासणी संपल्यावर त्या मुलीनं पडद्यावरच्या रेषा मला दाखवल्या. मला त्यातलं काही कळलं नाही. ती म्हणाली, "दोन्ही कान चांगले आहेत. आधी पाणी असणार आत. काळजी करू नका."

मी रडले. इतकी रडले की तिनं मला पाणी दिलं. आणि मी रडत असताना आक्कानं त्या मुलीच्या दंडाला हात लावला, आधी त्या मशीनकडे बोट केलं, मग स्वतःच्या कानाकडे.

मुलगी माझ्याकडे बघू लागली. "यांची कधी तपासणी झालीय?"

"नाही," मी म्हणाले. "त्या जन्मापासून तशाच आहेत."

"हो, पण तपासणी?"

मी डोळे पुसले.

तिनं आक्काला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन घातला आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आक्काला आधी काहीच कळेना. मुलीनं स्वतः हेडफोन घालून तीनदा करून दाखवलं. मग आक्का बसली, डोळे मिटून. बराच वेळ काही नाही. मग तिचा अंगठा हलला. परत हलला. मी काचेच्या बाहेरून बघत होते.

"यांना अजिबात ऐकू येत नाही असं नाही," मुलगी कागदावर खुणा करत म्हणाली. "खालच्या पट्टीतले मोठे आवाज येतात. लहानपणी मशीन मिळालं असतं, कुणी शिकवलं असतं, तर बोलल्या असत्या. अगदी स्वच्छ नाही, पण बोलल्या असत्या."

तिनं आक्काच्या कानावर एक मशीन चढवून बघितलं. आक्कानं मान वर केली आणि छताकडे, फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मी हसले.

जळकोटला परतलो तेव्हा नवऱ्यानं आधीच फोनवर ऐकून पेढे आणून ठेवले होते. आत्याबाई म्हणाल्या, "मी ताट वाजवलं तवाच सांगितलं होतं." मामा म्हणाले, "झालं ना समाधान?" मग मी दुसरा कागद काढला, आक्काचा, आणि तपासणी करणारी मुलगी जे बोलली ते सांगितलं.

मामांनी कागद हातात घेतलाच नाही. "हिची तपासनी करायला कुनी सांगितलं होतं?"

"त्यांनीच मागितली."

मग मामा माझ्याकडे न बघता बोलू लागले. "ही तीन-चार वर्षांची आसंल. शाळेतल्या एका गुरुजीनं सांगितलं होतं, हैदराबादला न्या, तिथं मशीन देतात. तवा आपन उस्मानाबाद जिल्ह्यात. कुठं उस्मानाबाद, कुठं हैदराबाद. त्याच वेळंला लातूर जिल्हा व्हायचं चाललं होतं. म्हटलं, जिल्हा झाला की लातूरला सगळं येईल, तवा नेऊ. जिल्हा झाला. कानाचा डॉक्टर यायला आनखी वर्षं गेली. तवर ही दहा-बारा वर्षांची. घरचं सगळं करू लागली होती. मग ऱ्हाऊन गेलं."

'राहून गेलं' असं ते म्हणाले. जसं कुणाला पत्र लिहायचं राहून जातं.

मला तेव्हा बोलायला हवं होतं. माझ्या मुलीच्या बाबतीत या माणसानं अगदी तेच शब्द दुसऱ्यांदा वापरले होते आणि त्याला ते माहीत होतं. पण माझी मुलगी ऐकत होती, दोन्ही कानांनी, आणि माझ्या हातात पेढा होता. मी तो खाल्ला.

पुढं दीड वर्षानं एका शिबिरात आक्काला मशीन मिळालं. ते मिळवायला फॉर्म मी भरला, एवढं केलं. शिबिरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, नुसतं मशीन घालून उपयोग नाही, आठवड्यातून एकदा लातूरला आणा, आवाज ओळखायला शिकवावं लागेल. या वयात बोलणं यायचं नाही, पण दाराची कडी, गाडीचा हॉर्न, कुणी हाक मारलेली, एवढं कळू लागेल.

घरी आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "आठवड्याला येक दिवस ही लातूरला गेली तर पानी कोन भरनार?"

मी तेव्हा खासगी शाळेत नोकरीला लागले होते. नवरा शाळेत जायचा. मामांचे गुडघे गेले होते. आक्काला लातूरला कुणी नेलं नाही. मीसुद्धा नाही. लातूरला कुणी नेलं नाही.

आक्कानं मशीन दोन महिने घातलं. सगळे आवाज एकदम अंगावर येत असणार. भांडी पडली की ती कान धरून खाली बसायची. आत्याबाईंना ते बघून हसू यायचं. मशीनचा कानातला साचा सैल होऊन शिट्टी वाजायला लागली तेव्हा तिनं ते काढलं, डबीत ठेवलं आणि डबी मला आणून दिली. ती माझ्या कपाटात आहे.

माझी मुलगी आता शाळेत जाते. फार बोलते, तिच्या बाईंची तक्रार असते. पाहुणे आले की अजून विचारतात, कानाचं काही निघालं नाही ना पुढं? मी सांगते, नाही, कान छान आहेत. ते म्हणतात, चांगलं झालं, नाहीतर जन्माचं दुःख. आक्का त्यांच्यापुढे चहा ठेवते. तिच्या कानाबद्दल आजवर एकाही पाहुण्यानं विचारलेलं नाही.

उदगीर अजून तालुकाच आहे.