काकीची सोन्याची बांगडी

अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखनही चुकलेलं असेल, क्षमा असावी. चौथीनंतर मी काजूच्या कारखान्यात बिया फोडल्या, पेन फारसं धरलं नाही.

आता मी रत्नागिरीतल्या एका लॉ कॉलेजात शिपाई आहे. त्या दिवशी ओरिएंटेशन होतं. म्हणजे नव्या मुलांचं स्वागत. प्राचार्यांनी ठरवलं होतं, प्रत्येक प्राध्यापकाने आपण कुठून आलो ते सांगायचं. मुलांची भीती मोडते म्हणे.

"आजोबा वकील, वडील वकील, मी वकील," स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले. "ही गोष्ट कसली, वारस दाखला आहे!"

सगळे हसले. सुलभा मॅडम हसल्या नाहीत. त्या कागदावर काही लिहीत होत्या.

त्या माझ्या वाडीतल्या. शाळेत आम्ही एकाच बस्करावर बसायचो. लोकांत मी त्यांना मॅडम म्हणते, दोघीच असलो की सुले. तिच्या लॉच्या पहिल्या वर्षाची फी मी दिली होती, कारखान्याच्या पगारातून साठवलेली. परत मागायचं कधी मनात आलं नाही.

त्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसले. माझं नाव आलं तर कुठे बघायचं, तेही ठरवून ठेवलं. खिडकीकडे.

मॅडम छान बोलल्या. वडिलांची होडी, मासळीचा वास येतो म्हणून लांब बसणाऱ्या मुली. मग म्हणाल्या, "फी भरायला आईने हातातली सोन्याची बांगडी विकली."

टाळ्या पडल्या. एक मुलगी डोळे पुसत होती.

मी खिडकीकडेच बघत होते. सुलेच्या आईच्या, आमच्या काकीच्या हातात मी कायम काचेच्याच बांगड्या पाहिल्या.

कप विसळत होते, तेव्हा सुले आत आली.

"रागावलीस गो?"

"नाही. काकीला सोनं शोभलं असतं."

तिने विसळलेला कप उचलून पालथा घातला. "तुझं नाव घेतलं असतं तर सगळी तुझ्याकडे वळली असती. तू लाजून पळाली असतीस."

"पळाले असते. पण घ्यायचं होतंस."

दुसऱ्या दिवशी तिने पाकीट आणलं. "घे. व्याज धरून आहे."

मी एक नोट काढून तिच्यापुढे धरली. "ही राहू दे तुझ्याकडे."

"कशाला?"

"थोडं काही बाकी असू दे."

तिने नोट माझ्या मुठीत परत कोंबली. "उधारी ठेवू नये गो. वर्गात मी हेच शिकवते." बेल झाली, ती गेली.

पुढच्या वर्षी बांगडी पुन्हा विकली जाईल. मला आता बोलायला जागा नाही. माझे पैसे व्याजासकट फिटले.