वर केलेलं बोट

अंबडच्या वाचनालयात मी पगारी नव्हतो. तिथल्या शिपायाला दम्याची उबळ आली की मला हाक यायची, मंग मी जायचो. दार उघडायचं, झाडायचं, वर्तमानपत्रं काठीला लावून टेबलावर ठेवायची, लोकांच्या घरून पुस्तकं परत आणायची. मला अडखळत वाचता यायचं, ह्या कामाला तेवढं पुरं. माझं नाव कुठं लिहिलेलं नव्हतं. सगळे मला 'बदली' म्हणायचे.

निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं. सरहद्दीपलीकडच्या मराठी वर्तमानपत्रांवर बंदी आल्ती, तरी कुणीतरी ती आणून टेबलाखाली सरकवायचं. हाक आली की बायको म्हणायची, "नका जाऊ. पुस्तकं काय भाकरी देतेत का?"

"देतेत की. शिपाई खोकला तर."

तिला हसू यायचं न्हाई.

एका दुपारी चौकीवाल्यांनी तो टेबलाखालचा गठ्ठा धरला आणि शिपायाला घेऊन गेले. मला बाजारात कळलं. पळत घरी आलो अन् ज्वारीच्या कणगीमागं दडून बसलो. म्हणलं, "आता मला न्यायला येतील." तिनं पदर डोळ्यांवर ओढला आणि भाकरी थापत बसली.

दोन जवान दारात आले. पोलिसाला तेव्हा जवानच म्हणत. हे दोघं परमुलखातले होते.

"वाचनालय का बदली यहीं रहता? तेरे आदमी का नाम बोल."

"नाव कसं घेऊ? बाया घेत नसतेत."

"तो बुलाती क्या उसको?"

"अवो म्हणते."

दुसरा हसला. "लिख लो, अवो."

पहिल्यानं काठी आपटली. "नाम बोल, नहीं तो तुझे ले जाते!"

माझं नाव सूर्यावरनं ठेवलेलं. ते सांगायची वेळ आली की ती आभाळाकडं बोट करायची, अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. भेदरलेल्या बाईचा हात आपसूक वर गेला. मी डोळे मिटले. म्हणलं, संपलं, सांगितलं हिनं.

"ऊपर?" पहिला थबकला. "मर गया?"

कपाळ पदराखाली होतं, कुंकू दिसत नव्हतं. हो म्हणावं तर स्वतःच्या तोंडानं नवऱ्याला मारायचं. न्हाई म्हणावं तर मला नेणार. ती बोललीच न्हाई. बोट तसंच वर.

"बेवा है. गलत घर आये. चलो."

ते गेले तरी मी उठलो न्हाई. भाकरी करपल्याचा वास घरभर झाला. बाहेर आलो तर ती कपाळाला कुंकू घासून राह्यली होती, पुन्हा पुन्हा, पार नाकापर्यंत.

"मी हो म्हणलं न्हाई," म्हणाली. "नुसती गप बसले. तुम्ही ऐकलं ना? मी हो म्हणलं न्हाई."

त्याच सांजेला आम्ही तिच्या भावाकडं आष्टीला निघून गेलो. पुढं ते राज्य गेलं, शिपाई सुटून आला. मी काही परत वाचनालयात गेलो न्हाई. आणि तिची भीती काही गेली न्हाई. मला साधी शिंक आली तरी तिचा हात कपाळाकडं जायचा. देव त्या दिवसाचं खरं करील, म्हणायची. माझ्यासाठी किती उपास धरले तिनं. मी चिडायचो, ओरडायचो, पण धरायचीच.

देवानं तसं केलं न्हाई. तिलाच नेलं.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी नर्सबाईनं शुद्ध बघायला विचारलं, "आजी, मालकाचं नाव काय?"

तिनं मोठ्या कष्टानं बोट वर केलं.

"अरेरे, देवाघरी गेले का?"

मी खाटेपाशीच उभा होतो. ती डोळे फाडून माझ्याकडं बघाय लागली. तीच नजर, त्या दुपारची.

"हा काय, जित्ता उभाय!" मी ओरडलोच. "तिनं माझं नाव सांगितलं, बाई. बराबर सांगितलं."

मंग तिनं हात खाली घेतला.