मोहफुलाची वीण

चामोर्शीत सुगंधाबाईंच्या ओसरीवर जी बाज आहे, तिची पाठ भिंतीला आणि तोंड दाराला. हे आपोआप झालेलं नाही. मागून कोणाची नजर हातातल्या विणकामावर पडू नये आणि पुढून येणारा आधी दिसावा, म्हणून त्यांनीच ती तशी लावून घेतलेली. कोणी पायरीवर पाय ठेवला रे ठेवला, की सुया, लोकर, अर्धवट स्वेटर, सगळं पदराखाली गडप. शेजारची कमळाबाई त्यांना तोंडावर म्हणायची, की बाई, तुम्ही स्वेटर विणता की दारू गाळता. सुगंधाबाई हसायच्या नाहीत. कमळाबाई नेमकी आत्ताच का आली, याचा त्या विचार करत बसायच्या.

त्यांचे यजमान धनराज जंगल खात्यात गार्ड होते. तरुणपणी बरीच वर्षं गावापासून दूरच्या क्वार्टरात गेली. पौषात तिथे अशी थंडी पडायची, की हंड्यातलं पाणी हाताला चावायचं. शेजारच्या क्वार्टरात राहणाऱ्या एका नर्सबाईंनी त्यांच्या हातात सुया दिल्या, उलटा टाका, सुलटा टाका शिकवला. बाकीचं सगळं सुगंधाबाईंनी स्वतः काढलं. चैत्रात पहाटे मोह टपटप पडायचा तो बघून त्यांनी एक नक्षी बसवली. एका टाक्यातून पाच टाके उमलवायचे, वर नेऊन पाचांना पुन्हा एकात आवळायचं, की लोकरीवर एक टपोरं फूल उभं राहतं. खालच्या ओळीत दोन फुलांमध्ये जिथे मोकळी जागा, बरोबर तिथेच वरच्या ओळीतलं फूल. ऐकायला सोपं आहे. पण आवळताना हात किती ढिला ठेवायचा, ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. तालुक्यात कोणाकडे बाळ झालं, की मोहफुलाचं टोपडं आणि बंडी सुगंधाबाईंकडूनच जायची. दुसऱ्या कोणी ती नक्षी करून दाखवलेली नाही.

न सांगण्याला कारण होतं. त्याआधी त्यांची मोरपिसाची एक नक्षी होती. ती त्यांनी मोठ्या मनाने गल्लीतल्या पिंकीला शिकवली, आणि पिंकीने बचतगटाच्या मेळाव्यात ती आपली म्हणून मांडून पहिलं बक्षीस घेतलं. वर व्यासपीठावरून सांगितलं, की ही मला सुचली. सुगंधाबाई समोर खुर्चीवर बसून टाळ्या ऐकत होत्या. त्या दिवशी त्यांनी कानाला जो खडा लावला तो कायमचा. माणूस एकदा फसला की जगाकडे तिरका बघू लागतो, याला कोणी नावं ठेवू नयेत. फक्त सुगंधाबाईंचं तिरकं बघणं जरा जास्तच पुढे गेलं.

अलीकडे तर त्यांच्या संशयाला ऊत आला होता. गडचिरोलीचा लोकरवाला आपल्याला मुद्दाम मळकट रंग देतो, अशी त्यांची खात्री होती. निळी म्हणून दिलेली लोकर घरी येईपर्यंत काळी होते कशी? ओसरीवरचा बल्ब अजयने, म्हणजे मुलाने, बदलला. तो पहिल्यापेक्षा मंद निघाला. दुकानदारानेच जुना पुसून दिला असणार. आणि रंभाबाईचं प्रकरण तर ताजंच. रंभाबाईने नातवासाठी नेलेली बंडी आठ दिवसांत परत आणली. पोटावर भोक, बगलेत भोक, टाके ओघळून खाली आलेले. सुगंधाबाईंनी तिला ओसरीवरून हलू दिलं नाही. उंदीर तुझ्या घरात आणि खापर माझ्यावर, असं बरंच काही सुनावलं. रंभाबाई वाद घालणारी बाई नव्हती. बंडी बाजेवर ठेवून गेली ती पुन्हा आलीच नाही. बंडी पेटीत पडली. तेव्हा सून घरात नव्हती, बहीण पुनमच्या बाळंतपणाला ती महिनाभर घुग्घुसला गेली होती. नाहीतर सुगंधाबाईंनी तो आळ कदाचित तिच्यावरही घेतला असता.

सुनेचं नाव दिव्यानी. बोलायला कमी, कामाला चटपटीत, आणि नेमकं हेच सुगंधाबाईंना खटकायचं. कमी बोलणारं माणूस काय विचार करतं ते कळत नाही. लग्न होऊन आली तेव्हा तिने एकदा विचारलं होतं, की आई, मलाही शिकवा ना. सुगंधाबाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिने पुन्हा विचारलं नाही. त्याचाही त्यांनी अर्थ लावून ठेवला होता. ज्याला सरळ मिळालं नाही तो वाकडा मार्ग काढतो.

आणि यंदा दिवाळीनंतर तो मार्ग त्यांच्या हाताला लागला, अगदी खरोखरच हाताला. रोज संध्याकाळी त्या विहारात वंदनेला जायच्या, तेव्हा विणकाम पिशवीत घालून बाजेच्या उशाशी ठेवायच्या. एके दिवशी परत येऊन सुया हातात घेतल्या आणि बोटं थबकली. सुयांवरची शेवटची ओळ त्यांची नव्हती. त्यांचा हात सैल, टाका मऊ पडतो. ही ओळ घट्ट होती, सुईवरून पुढे सरकताना अडत होती. कोणीतरी त्यांचं विणलेलं उसवून पुन्हा विणलं होतं.

मनात शंकेची पाल चुकचुकली नाही, सरळ ओरडलीच. विणलेलं उसवून बघतात कशासाठी? नक्षी कशी घातली ते शिकण्यासाठी. एकेक टाका मागे नेला की फूल कसं उमललं ते कळतंच. पिंकीला निदान शिकवावं तरी लागलं होतं.

मग त्या डोळ्यात तेल घालून पाळत ठेवू लागल्या. पुरावे तर चालत आले. स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीमागे क्रोशाची आकडेवाली सुई सापडली. घरात क्रोशा कोणी करत नाही. दोन दिवसांनी दुपारी दिव्यानी मागच्या अंगणात मोबाइलवर पुनमशी बोलत होती, आणि सुगंधाबाई न्हाणीघराच्या आडोशाला उभ्या होत्या.

"दोन ओळी उसवल्या, पण फूल काई जमून नाई राह्यलं," दिव्यानी सांगत होती. "तू व्हिडिओवर दाखव ना एकदा सावकाश. आन आईले कळलं नाई पायजे. तुह्या तोंडून कोणापाशी गेलं त पाय."

 पुनम घुग्घुसला बसून मोबाइलवर विणकामाचे व्हिडिओ टाकते, हे सुगंधाबाईंना ठाऊक होतं. म्हणजे मोहफूल आता तालुक्याच्या मेळाव्यापुरतं राहणार नव्हतं. जिथे जिथे मोबाइल आहे तिथे जाणार होतं, आणि खाली नाव पुनमचं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. राग होताच, पण रागापेक्षा जास्त काहीतरी होतं. धनराज गेले, जंगल सुटलं, हातात उरलं होतं ते एवढं एक फूल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अजयला समोर बसवलं. अजय गडचिरोलीच्या एका कचेरीत कामाला, रोज एसटीने जा-ये करायचा. कारण न देता त्यांनी सांगून टाकलं, की तिथेच खोली पाहा आणि बायकोला घेऊन जा. तो थक्क झाला. म्हणाला, आई, तू एकटी राहशील का इथे? त्या म्हणाल्या, मी जंगलात राहिलेली बाई आहे. दिव्यानीने दाराआडून ऐकलं आणि ती पुन्हा आपल्या कामाला लागली. बघा, जायला तयारच आहे, असं सुगंधाबाईंच्या मनाने लगेच लिहून घेतलं.

तरी त्यांना पक्का पुरावा हवा होता. मुलाने उद्या विचारलं, की काय केलं तिने, तर दाखवायला काही नको का? म्हणून त्यांनी सापळा लावला. कमळाबाईच्या नव्या नातीची बंडी तेव्हा सुयांवर होती, गडद निळी. त्यात त्यांनी मुद्दाम एक चूक घातली. एक फूल मोकळ्या जागेत न घालता खालच्या फुलाच्या बरोबर डोक्यावर बसवलं. चोर आंधळेपणाने चोरतो. नक्षी उतरवून घेताना चूकही उतरवून घेईल, पुनमच्या व्हिडिओत तेच डोक्यावर डोकं दिसेल, आणि मग तोंड कोण लपवतं ते पाहू. वर आणखी एक ओळ विणून त्यांनी पिशवी उशाशी ठेवली आणि विहारात गेल्या. वंदनेत त्यांचं लक्ष नव्हतं हे सांगायला नकोच.

परत आल्या तेव्हा दिव्यानी चुलीपाशी भाकरी थापत होती. सुगंधाबाई बाजेवर बसल्या, बंडी मांडीवर घेतली आणि बोटांनी फुलं मोजत त्या जागी आल्या. फूल डोक्यावर नव्हतं. ते आपल्या जागी होतं, दोन फुलांच्या मधे.

त्यांनी पुन्हा चाचपलं. चूक गेली होती. ओळी उसवून, घट्ट हाताने फूल जिथे हवं तिथे बसवलं होतं.

हे कसलं चोरणं? चोर घरातून वस्तू नेतो. आपल्या घरातलं मोडकं दुरुस्त करून जाणारा चोर त्यांनी ऐकला नव्हता. त्यांची बोटं मग आपसूक खाली सरकली, जिथे त्यांनी सापळा लावलाच नव्हता त्या भागात. विणलेलं पुन्हा चाचपून बघणं हे शिकाऊ बायांचं काम, असं मानून त्यांनी इतक्या वर्षांत ते कधी केलं नव्हतं. आता केलं. बगलेपाशी घट्ट टाक्यांची एक उभी रेघ लागली, सुटून खाली ओघळलेला टाका आकड्याने एकेक पायरी वर ओढून आणल्यावर पडते तशी. तिच्यापुढे आणखी एक. गळ्याजवळ आख्खी ओळ. त्यांनी चूक घातली होती एकच. मग या बाकीच्या कोणाच्या?

उत्तर त्यांना माहीत होतं, तरी त्या उठल्या आणि पेटीतून रंभाबाईची बंडी काढली. भोकं चाचपली. ती भोकं उंदराची नव्हती. सुईवरून टाका सुटला, विणणारीला दिसला नाही, ती तशीच पुढे विणत गेली, अशी होती ती. आणि या बंडीत घट्ट टाका एकही नव्हता. ती विणली तेव्हा दिव्यानी घुग्घुसला होती ना. ती बंडी पहिल्यापासून शेवटपर्यंत सुगंधाबाईंच्या एकटीच्या हातची होती.

त्यांनी ती बंडी बल्बखाली धरली. मग डोळ्यांजवळ आणली, अगदी नाकाला लागेपर्यंत. निळं काही दिसेना. धुक्यातल्यासारखं एक काळं. लोकरवाला, बल्बचा दुकानदार, रंभाबाई, सगळे आठवून त्यांना आपली एकदम लाज वाटली. इतकी, की चेहऱ्यावर पदर घ्यावासा वाटला.

तेवढ्यात अजय आला. चपला काढता काढता खालच्या मानेने म्हणाला, "खोली भेटली, आई. बसस्टँडच्या मांगं हाय. पयल्या तारखेले जातो आमी."

 दोन्ही बंड्या सुगंधाबाईंच्या मांडीवर होत्या.

"खोली राहू दे," त्या म्हणाल्या. "मले दिसत नाई, अजय."

हे वाक्य त्या घरात कधी उच्चारलं गेलं नव्हतं. अजयला आधी कळलंच नाही. दिव्यानीला कळलं. ती पिठाचे हात घेऊन दारात येऊन उभी राहिली, आणि तिची नजर सासूच्या मांडीवर गेली.

"कधीपासून करून राह्यली तू हे?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"उन्हाळ्यापासून." दिव्यानी हळू बोलली. "पयले निसते सुटलेले फंदे उचलत होतो. फूल कुठी चुकलं त पुनमले इचारत होतो, मले येत नव्हतं म्हणून."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

दिव्यानीने पदराला हात पुसले. "तुमी सुया ठेवून देल्ल्या असत्या, आई."

ते खरं होतं. खरंच ठेवून दिल्या असत्या, त्याच दिवशी, आणि मग या बाजेवर नुसतं दाराकडे तोंड करून बसल्या असत्या. सुगंधाबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं आणि दिसत होतं तेही दिसेनासं झालं. आपल्याला कळू नये म्हणून ही पोरगी रोज संध्याकाळी चोरासारखी उशाशी येत होती, आणि आपण तिला चोर ठरवून घराबाहेर काढायला निघालो होतो. अजय म्हणाला, सोमवारी गडचिरोलीला दवाखान्यात डोळे दाखवू, मोतीबिंदू असेल तर निघतो. त्यांनी मान हलवली. रंभाबाईकडेही जायचं होतं, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण तिची बंडी पेटीत परत ठेवली नाही.

मग त्या भिंतीपासून सरकल्या. बाजेवर त्यांच्या शेजारी आजवर कोणी बसलेलं नव्हतं, तिथे त्यांनी जागा केली आणि सुया दिव्यानीच्या हातात दिल्या.

"बस इथी," त्या म्हणाल्या. "फूल घट्ट येते तुह्या हातचं. आवळतानी जरा सैल सोडावं लागते, नाईतर थे मोहासारखं फुगत नाई. दाखवतो तुले."

दिव्यानी बसली. सुगंधाबाईंनी आपली बोटं तिच्या बोटांवर ठेवली, एका टाक्यातून पहिला टाका काढायला लावला आणि मधेच थांबवलं. बाहेर पायरीवर कमळाबाईच्या चपला वाजल्या होत्या.

"पयले दार लोट," सुगंधाबाई म्हणाल्या.