मांडवातली काळी पूड

टायर झिजतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. झिजलेलं रबर जातं कुठं, हे मला लग्न होऊन रोह्याला आल्यावर कळलं. ते माझ्या खिडकीत येतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. रोह्याशेजारच्या वरसे गावात आमची भाड्याची खोली अगदी रस्त्याला लागून होती आणि समोरच गतिरोधक. शिफ्ट सुटली की कंपन्यांच्या बसगाड्या तिथं कचकन ब्रेक मारायच्या, आणि खिडकीच्या गजांवर काळी पूड बसायची. मी रोज पुसायची आणि रोज शेजारणीच्या स्टोव्हला शिव्या द्यायची. एकदा यजमान चहा पिता पिता म्हणाले, "अगं, ही काजळी नव्हे. बोटावर चोळून बघ."

चोळली. काजळी पसरते. हिच्या बारीक वळ्या झाल्या, खोडरबराच्या होतात तशा.

"टायर गुळगुळीत होतो तो काय हवेत विरतो? रस्त्यावर घासून त्याची पूड होते आणि तू ती फडक्यानं गोळा करतेस. बसवाल्यांनी तुझा सत्कार करायला हवा."

मी हसले. विसरले असते तर बरं झालं असतं.

माझं माहेर पेणजवळच्या जोह्याचं. घरात गणपतीचा कारखाना. बाबा, दादा, आई, वहिनी, सगळ्यांचे हात रंगात. मूर्ती घासूनपुसून झाली की तिला पहिला पांढरा हात द्यायचा, मग अंगाचा रंग, दागिने, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. पांढऱ्या हातावर बोट उमटलं तरी बाबा ओरडायचे.

त्या वर्षी उन्हाळ्यात मी माहेरी गेले ती शहाणपणा घेऊनच. बाबांना म्हटलं, "मूर्ती परसात दडवून काय ठेवता? घरापुढं रस्त्याच्या वळणावर मांडव घाला. मुंबईच्या गाड्या थांबतील." बाबांना लेकीचं कौतुक फार. मांडव पडला. गाड्या खरंच थांबायला लागल्या. मी गावभर मिरवले.

पंधरवड्यात पांढऱ्या मूर्तींवर राखाडी कळा आली. आधी सोंडेवर, मग गालांवर. पेणचा व्यापारी येऊन बघून गेला आणि म्हणाला, "देव आजारी वाटतात. असा माल मी नाय उचलणार."

आईनं गुन्हेगार लगेच शोधला. मांडवाला लागूनच स्वयंपाकाची पडवी होती, तिथं वहिनीची चूल.

"मिठागरात उघड्यावर चुली पेटवत असशील गो, इथं देव हायेत!"

वहिनी खाडीकाठची, मीठ काढणाऱ्यांच्या घरातली. लग्नाला दोन पावसाळेही झाले नव्हते. ती म्हणाली, "आये, चूल तर आधीपासून इथंच हाय. धूर परसातबी जायचा, तेव्हा नाय कुठं मूर्ती काळी झाली?"

"तोंड वर करून बोलू नको."

मी एका मूर्तीच्या सोंडेवरून बोट फिरवलं, बोटांत चोळलं. वळ्या झाल्या. बाहेर वळणावर एस.टी.नं ब्रेक मारला.

एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोलले असते तर मांडव मागे गेला असता, आणि मांडव माझा होता. दुसरंही एक सांगून टाकते. बाबांनी आखणीची कुंचली मला कधी दिली नव्हती. वहिनीला तिचा हात बघून पहिल्याच वर्षी दिली. चूल उचलली जात असताना मला वाईट वाटलं, पण जेवढं वाटायला हवं तेवढं नाही.

चूल गेली घराच्या मागं, गोठ्याच्या वळचणीला. मूर्ती पुसून दुसरा हात दिला. आणि मी, मोठी शहाणी, दादाला म्हटलं, "पावसाचं पाणी आत येईल, रस्त्याकडनं प्लास्टिक बांध." दादानं बांधलं. मूर्ती पांढऱ्याशुभ्र राहिल्या. आई शेजारणींना सांगत सुटली, "बघा, चूल हलवली नि लगेच फरक!"

मी बांधायला लावलेल्या प्लास्टिकनं वहिनीवरचा आळ पक्का झाला. तो सगळा पावसाळा ती डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन भाकऱ्या भाजत होती. गॅस येईपर्यंत चूल तिथंच राहिली, आणि "हिच्या हाताला काजळी" ही थट्टा त्यानंतरही.

गेल्या शिमग्याला माहेरी गेले होते. वहिनीची सून चहा देत होती, आई तिला म्हणाली, "सासूसारखी काजळी करू नको हां." सगळे हसले. वहिनीही हसली, सवयीनं. मी चहा तसाच ठेवला. वहिनी आत गेली तशी मागोमाग स्वयंपाकघरात गेले आणि तिला सगळं सांगितलं. टायर, पूड, प्लास्टिक, कुंचलीसुद्धा.

तिनं हातातला डबा खाली ठेवला. "मला कशाला सांगता वन्सं? माझ्या चुलीनं मूर्ती काळ्या झाल्या नाय, ते मला ठाऊकच होतं. आयेला सांगा."

मग ओटीवर आईसमोर बसले. आई आता नव्वदीच्या घरात, पण कान तल्लख.

"टायराची पूड? टायर काय गहू हाय दळायला?"

खिडकीच्या फळीवरची काळी धूळ बोटावर घेतली, तिच्या तळव्यावर ठेवली. "चोळ." आईनं चोळली. वळ्या झाल्या. ती बराच वेळ अंगठा फिरवत राहिली.

"गो, इकडं ये," तिनं वहिनीला हाक मारली. "त्या साली मी तुला मागं पाठवलं ना."

"पाठवलं नाय, आये. हाकललं."

आईनं तळहात लुगड्याला पुसला.

"व्हय. हाकललं."

वहिनी तिच्या शेजारी ओटीवर टेकली. माझ्याकडे दोघींपैकी कुणीच बघितलं नाही, आणि मीही उठून गेले नाही.