लाल कांडी आणि मॅडमची मोजणी

चाळिशी उलटली की अक्कल येते म्हणतात. माझी वाटेतच कुठेतरी उतरली असावी.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. टेमघरला मी एका संस्थेची बालवाडी चालवायची. निम्मी पोरं गावातली, निम्मी चाळीत राहणाऱ्या यूपीच्या यंत्रमाग कामगारांची. खेळणी म्हणजे कारखान्यातून आणलेल्या, सूत संपलेल्या रिकाम्या कांड्या.

एके दिवशी निरोप आला. बालवाडीमुळे दोन्हीकडची मुलं मिसळतात का, वस्तीत सलोखा वाढतो का, हे मोजायला संस्थेकडून एक मॅडम येणार. वाढत नसेल तर बालवाडी बंद! म्हणजे बंदच, म्हटलं. कारण गावातली एक आणि चाळीतली एक, अशा दोन कारट्या एका लाल कांडीवरून रोज एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या.

मग या शहाण्या बाईने काय करावं? दोन सतरंज्या घातल्या. गावची पोरं खिडकीकडे, चाळीची दाराकडे. लाल कांडी कमरेला खोचून वरून पदर.

मॅडम आल्या. वर्ग चिडीचूप. मी फुशारकीने म्हटलं, "बघा मॅडम, एक भांडण नाही!"

"पण बाई, ही मुलं एकमेकांशी बोलतच नाहीत का?"

आता? गडबडीत मी खुर्ची द्यायला वाकले आणि कांडी घरंगळत दोन सतरंज्यांच्या मधोमध. दोन्ही कारट्या सुटल्या. गावची ओरडली, "छोड ना, मेरी है!" चाळीची तिच्याहून वर, "न्हाय सोडनार, माजी हाय!" सोडवायला गेले, तर दोघींनी मिळून माझ्याच हाताला चावा घेतला.

मॅडमचं पेन हवेतच. "याला भांडण म्हणायचं की मिसळणं?"

"रोजचंच आहे हो हे."

"रोज? मग आज वेगळं का बसवलंत?"

मी एक सतरंजी गुंडाळायला घेतली.

"उद्यापासून सतरंजी एकच घाला. मी बघायला येत जाईन."

मॅडम आठवडाभर येऊन बसल्या. भांडणं कमी झाली नाहीत, उलट एक-दोन नवी सुरू झाली. शेवटच्या दिवशी चहा पिताना म्हणाल्या, "काय मोजलं ते माझं मलाच कळत नाही. पण बाई, बालवाडी चालू ठेवा."

का ते मी विचारलं नाही. विचारलं आणि त्यांचं मन फिरलं तर?

हातावरचा वण अजून आहे. नात त्यावर बोट फिरवत विचारते, "आजी, यातला कुठला दात कुणाचा गं?"

मला तेही सांगता येत नाही.