वांग्याचा जांभळा रंग

माळा आवरताना स्मिताच्या हाती लेकीची जुनी रंगपेटी लागली. लेक नोकरीला पुण्यात. पेटी टाकूनच द्यायची होती. रंग सुकलेत का बघावं म्हणून तिने ब्रश ओला केला. समोर टोपलीत वांगी होती. चिपळूणच्या शाळेत असताना तिने चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. पुढे लग्न, कोपरखैरण्यातला वन बीएचके, सासूबाईंच्या अंगावरून वारं गेल्यावर सोडलेली नोकरी. तीस वर्षं ब्रशला हात लागला नव्हता. त्या दुपारी कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, तिला कळलंच नाही. वरण खाली लागलं.

मग रोज दुपारी ती सासूबाईंचा डोळा कधी लागतो याची वाट बघू लागली.

महिन्याभराने एकदा कागदावर जांभळा रंग पसरत असताना आतून हाक आली, "स्मिता, बाथरूमला जायचंय गं."

"आले हं, आई."

आत्ता उठलं तर रंग सुकून कडेला डाग धरणार. दोनच मिनिटं, म्हणून ती बसून राहिली. आणि आत धप्पकन आवाज झाला.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. "तू कुठे होतीस?" नवऱ्याने, अभिरामने, हॉस्पिटलात विचारलं.

"स्वयंपाकघरात."

घरी आल्यावर टेबलावरचं चित्र त्यानेच पाहिलं. "वांगी रंगवत होतीस?" एवढंच म्हणाला, कागद पालथा घातला आणि आंघोळीला गेला. स्मिताने पेटी परत माळ्यावर टाकली.

सासूबाई घरी आल्या तेव्हा त्यांनीच लेकाला सांगितलं, "अरे, मी हाक मारलीच नव्हती. उगाच तिच्यावर डाफरू नकोस."

दुपारी दोघीच असताना स्मिता पलंगाशी बसली. "आई, मी ऐकलं होतं."

"माझा पाय गेलाय, कान नाही."

"मग खोटं का बोललात?"

"त्याला खरं सांगून माझं हाड जुळणार होतं?" सासूबाई छताकडे बघत राहिल्या. "राग आहे मला. जाईल तेव्हा जाईल. दाखव बघू, काय काढलंस ते."

चित्र त्यांनी लांब धरलं, जवळ धरलं. "देठ चुकलाय. वांग्याच्या देठाला काटे असतात."

स्मिताला हसू आलं, आणि मग रडू आवरेना.

आता ती त्यांच्या खोलीतच बसून रंगवते. सासूबाईंनी कूस बदलली तरी तिचा हात थांबतो. रंग पाण्यात सुटला की अजूनही आत काहीतरी मोकळं होतं, आणि लगेच त्याची लाजही वाटते. सीवूड्सला रविवारी सकाळी चित्रकलेचा वर्ग असतो. सासूबाई "जा" म्हणाल्या, म्हणून ती गेली. अभिराम आईजवळ बसला. संध्याकाळपर्यंत स्मिताशी बोलला नाही.

पुढच्या रविवारीही ती गेली.